कुमासीला कुटुंब आणायचं असेल तर

घानातल्या कुमासीत तीन वर्षांच्या करारावर नोकरी मिळाली आहे, सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी असेल. त्यांना आणावं का आणि पुढेमागे तिथे घर घेता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे. कुटुंब जरूर आणा. घराची घाई करू नका.

तुम्ही असांते लोकांच्या जुन्या राज्याच्या राजधानीत राहायला येताय, हे आधी मनात पक्कं धरा. सरकार देशाच्या राजधानीचं, आक्र्याचं, पण इथल्या जमिनीचा आणि मानपानाचा शब्द बऱ्याचदा असांते राजाच्या मान्हिया राजवाड्यापाशी जाऊन थांबतो. परदेशी माणसाला घानात जमिनीची कायमची मालकी मिळत नाही; राज्यघटनेनुसार जास्तीत जास्त 50 वर्षांचा भाडेपट्टा. असांते भागातली बरीच जमीन गादीची, म्हणजे राजा-प्रमुखांच्या पदाकडे असलेली असते. पट्टा गावचा प्रमुख देतो, त्यावर राजवाड्याची संमती लागते. एकच तुकडा दोघांना दिल्याचे तंटे इथे नेहमी ऐकू येतात, म्हणून लँड्स कमिशनच्या कचेरीत तपास केल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका. तीन वर्षं भाड्यानंच राहा. कायद्यानं सहा महिन्यांहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही, तरी घरमालक वर्षा-दोन वर्षांचं मागतात. ती रक्कम कंपनी भरेल, हे निघण्यापूर्वी करारातच लिहून घ्या.

पिवळ्या तापाची लस तिघांनीही प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची. प्रमाणपत्र भारतात परतताना पुन्हा लागतं. मला खरी काळजी वाटते ती मलेरियाची. लहान मुलीचा ताप एक रात्रही अंगावर काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. कोंतोमिरे म्हणजे अळूच्याच जातीची पानं, भेंडी-वांगी भरपूर, आणि चवळी घालून शिजवलेला वाक्ये नावाचा भात सकाळीच रस्त्यावर मिळतो. शाकाहारी असाल तर मात्र प्रत्येक रश्शाबद्दल विचारा, सुकी मासळी कशातही असते. तूरडाळ आणि कणीक आम्ही आक्र्याहून आणतो.

या गावाचा इतिहास पत्नीलाही सांगून ठेवा, त्यानं माणसं कळतात. 1896 मध्ये इंग्रजांनी राजा प्रेंपेला पकडून नेलं आणि पुढे सेशेल्स बेटांवर ठेवलं. 1900 मध्ये गव्हर्नरनं सुवर्णासन मागितलं, तेव्हा जवळच्या एजिसूच्या राणीमाता याआ असांतेवा लढायला उभ्या राहिल्या. त्या आसनावर राजासुद्धा बसत नाही. त्यात साऱ्या असांते लोकांचा आत्मा आहे, असं मानतात. आपला रत्नागिरीचा थिबा राजा मायदेशी परतलाच नाही. प्रेंपे 1924 मध्ये परतला, आणि त्याच्यासाठी बांधलेला वाडा आज संग्रहालय आहे. सध्याचे राजे ओतुम्फुओ ओसेइ तुतू दुसरे 1999 पासून गादीवर आहेत. दर 42 दिवसांनी रविवारी अक्वासिदाए हा उत्सव असतो, तेव्हा ते छत्राखाली बसतात आणि ढोलांच्या गजरात प्रमुख मुजऱ्याला येतात. मुलीला घेऊन जा. राजाशी थेट बोलायचं नसतं, शब्द ओक्येआमेमार्फत, म्हणजे राजाच्या प्रवक्त्यामार्फत जातो.

ऑफिसातले लोक शनिवारच्या अंत्यविधीला बोलावतील. मृत व्यक्ती ओळखीची नसली तरी जा. काळे किंवा काळे-लाल कपडे घाला, बसलेल्यांशी उजवीकडून सुरुवात करून हस्तांदोलन करा आणि जमेल तेवढी रक्कम द्या. ती नावानिशी पुकारतात. आमची इथली बहुतेक घरोब्याची नाती अशाच शनिवारी जुळली.