‘प्रगतिशील चष्मा’? छे, चढती चाळिशी!

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या एका ताईंनी विचारलंय : प्रोग्रेसिव्ह चष्म्याला (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर, मधे रेघ नाही) ‘प्रगतिशील चष्मा’ म्हणावं का? आणि चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणणं गावंढळ का?

‘प्रगतिशील’ अजिबात नको. हल्ली जो उठतो तो हेच म्हणतो आणि माझं डोकं उठतं. शेतकरी प्रगतिशील असतो, काच कसली प्रगती करणार? इथे वाढतो तो फक्त नंबर.

आता चाळिशी. वयाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडा. ‘माझी चाळिशी कुठं ठेवलीत?’ असं विचारत आमचे आजोबा पोथी सोडायचे. वय, त्या वयात जवळचं न दिसणं आणि त्यावरचा चष्मा, तिन्हींना एकच शब्द! आणि आपल्या वडोदऱ्यात दुकानदार काय म्हणतो? ‘बेन, बेतालां आव्यां.’ म्हणजे, ताई, चाळिशी लागली. बेतालीस म्हणजे बेचाळीस. डोळा तोच, दुखणं तेच. मराठीत चाळीस, गुजरातीत बेचाळीस!

ही दोन वर्षं कुठून आली? माझं मत पक्कं आहे. मराठीनं पन्नाशी-साठीसारखा आयुष्याचा टप्पा मोजला. गुजराती शब्द मात्र चोपड्यावर रोज बारीक आकडे लिहिणाऱ्यांनी घडवला असणार. डोळ्यातलं भिंग हळूहळू ताठर होतं, चोपडा लांब धरून काही दिवस निभतं. पण एक दिवस हातच पुरत नाही. ती तारीख लिहिणाऱ्यालाच नेमकी कळते. ‘आकडा कसाही पडला असेल’ म्हणणाऱ्या पंडितांनी महिनाभर जमाखर्च लिहून पाहावा.

शुद्धिवाद्यांना चाळिशी नको, चष्माही नको, ‘उपनेत्र’ हवं. चष्मा फारसी ‘चश्म’वरून आला, आणि चश्म म्हणजे आपल्या ‘चक्षु’चा सख्खा चुलतभाऊ. घरच्याच माणसाला परका ठरवून हाकलताय!

हां, प्रोग्रेसिव्ह. बायफोकलमध्ये जवळच्या नंबराची खिडकी वेगळी दिसते. प्रोग्रेसिव्हमध्ये वर लांबचा नंबर, आणि नजर खाली उतरेल तसा त्यात जवळचा नंबर चढत जातो. नंबर म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर; वाचन ४० सेंटिमीटरवर, म्हणजे ०.४ मीटरवर धरलं तर १ भागिले ०.४, म्हणजे २.५, म्हणून ही भर साधारण अडीचपाशी थांबते. फ्रान्समध्ये बर्नार मेतेनाझ यांचं ‘व्हॅरिलक्स’ भिंग १९५९ साली आलं ते याच तत्त्वावर. कडेला धूसर दिसतं ते मात्र टळत नाही. भिंगांच्या गणितात मिंकविट्झचा नियमच आहे : मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगानं चढतो, त्याच्या दुप्पट वेगानं बाजूला काचेतला धूसर करणारा दोष (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) वाढतो. चढ तीव्र, तर कडा जास्त धूसर.

चढ हाच त्या काचेचा जीव आहे, आणि चढतं ते चाळिशीचंच माप. म्हणून ताई, दुकानात बेधडक ‘चढती चाळिशी’ मागा. गुजरातीत हवं असेल तर ‘चढतां बेतालां’.