ड्यूटी कुणाला लावायची?

प्रश्न : मी एसटीच्या आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. नात ‘डिस्पॅच’ नावाचा सुपरहिरोंचा गेम खेळते आणि म्हणते, “आजोबा, हे तर तुमचंच काम!” मारामारीत मला रस नाही, बटणंही भराभर दाबता येत नाहीत. जमेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : काका, नात खरं बोलतेय. इथे तुम्ही स्वतः उडायचं नाही, टेबलाशी बसून ड्यूट्या लावायच्या. नायक रॉबर्ट म्हणजे ‘मेका मॅन’. आजोबा-वडिलांकडून आलेला त्याचा चिलखती सूट मोडतो, दुरुस्तीला पैसे नसतात, म्हणून लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समध्ये तो हेडसेट लावून नोकरी धरतो. हाताखाली झेड-टीम : सुधारायला आलेले माजी खलनायक. एकापेक्षा एक नग!

नकाशावर कॉल येतो. मजकूर वाचून ताडायचं, इथे दणकट गडी हवा की गोड बोलणारा. लढाई, दम, चपळाई, वाक्चातुर्य, बुद्धी असा प्रत्येकाचा पंचकोन असतो, कामाचाही असतो. दोन्ही एकमेकांवर येतात, आत एक ठिपका टणाटण उड्या मारतो आणि तुमच्या माणसानं झाकलेल्या भागात थांबला तर काम फत्ते. जवळजवळ सगळा पंचकोन झाकलेला असताना तो नेमका उरलेल्या कोपऱ्यात जाऊन बसतो, तेव्हा मी स्क्रीनशी भांडते. परत आलेल्याला विश्रांती लागते, कुणी जखमी होतो, तेवढ्यात पुढचा कॉल. हुकमी माणूस नेमका बाहेर! हे तुम्हाला मी काय सांगायचं?

माझा आवडता भाग तिसरा. टीममधून एकाला काढायचं ठरतं, आणि त्या पाळीत हे लोक नोकरी वाचवायला एकमेकांचीच कामं बिघडवतात. शेवटी वटवाघूळ होणारा सोनार किंवा मारेकरी कूपे, दोघांपैकी एकाला तुम्हीच नारळ द्यायचा. मी सोनारला ठेवलं. कामापेक्षा बडबडीसाठी. रॉबर्टचा जुना स्नेही चेसही लक्षात राहतो : अफाट वेगानं धावण्यात त्याचं वय असं खर्ची पडलंय की चाळिशीच्या आतच जख्ख म्हातारा दिसतो.

तक्रार एकच. तुम्ही पाळी कितीही चोख सांभाळा, गोष्टीला त्याचं फारसं सोयरसुतक नाही. ती वळते ती मुख्यतः संवादांतल्या निवडींवर. बनवणारे काही जण पूर्वी टेलटेल या कथाप्रधान गेमच्या कंपनीत होते, ती सवय दिसते. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवड्याला दोन असे आठ भाग आले. आता सलग खेळता येतात.

मारामारीतली झटपट बटणं सुरुवातीलाच बंद करता येतात. दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरण्याची (हॅकिंगची) कोडी मात्र घड्याळ लावून येतात, तिथे नातीला हाक मारा. ती सज्ञान असेल असं धरते, कारण शिव्या भरपूर आहेत. नग्न दृश्यं सेटिंगमधून झाकता येतात, तेवढं आधी करून घ्या.