चपलेचा पंचनामा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. चप्पल कुरतडली म्हणून तू कुत्र्याच्या पिल्लावर ओरडलास आणि वर लिहितोस, "त्याची चूक त्यालाही कळली होती. कान पाडून नजर चोरत होतं."

हा चोरटा चेहरा मीही वर्षानुवर्षं कबुलीजबाब मानत आलो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली त्याची परीक्षा घेतली. मालकाने समोरच्या खाऊला तोंड लावायचं नाही असं कुत्र्याला बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी तो खाऊ कुत्र्याला द्यायचे, कधी उचलून ठेवायचे. परतलेल्या मालकाला कधी खरं सांगायचे, कधी चक्क खोटं. ओशाळलेला चेहरा दिसला तो मालक रागावला की. कुत्र्याने खाऊ खाल्लाय की नाही, याचा त्याच्याशी संबंधच नव्हता. उलट काही न खाता बोलणी बसलेले कुत्रे जास्त ओशाळलेले दिसले!

म्हणजे तुझं पिल्लू चपलेबद्दल काही बोलतच नव्हतं. "तू चिडलायस, आता शांत हो," एवढंच म्हणत होतं. त्याने तुला बरोबर वाचलं, तू त्याला चुकीचं. वाईट वाटून घेऊ नकोस. मला हे उमजेपर्यंत माझा पहिला कुत्रा म्हातारा झाला होता.

चपला उचलून ठेव. दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत त्याला चावायला काहीतरी लागणारच, ते दे.

"याचा उपयोग काय?" हा वडिलांचा प्रश्नही तू कळवलास. त्यांना जर्मनीतल्या बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली सापडलेल्या दफनाबद्दल सांग. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक स्त्री आणि जेमतेम सात महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून अभ्यासकांचा अंदाज असा की, त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला होता आणि कुणीतरी शुश्रूषा केल्याशिवाय ते त्या आजारात कित्येक आठवडे तगलं नसतं. आजारी पिल्लू ना शिकारीचं, ना राखणीचं. तरी कुणीतरी त्याचं तोंड पुसत, पाणी पाजत बसलं असणार. वडिलांना पटेल याची खात्री देत नाही.

तुला काम एकच: रोज थोडा वेळ नुसतं त्याच्याकडे बघ. हुकूम नको, खेळ नको, हातात फोन तर नकोच. जांभई, ओठ चाटणं, अंग ताठ होणं, शेपटी कधी वर कधी खाली. आठवड्याभराने काय दिसलं ते लिही.

आणि हो, चार पानी पत्रात त्याचं नाव कुठेच नाही. अजून ठेवलं नाहीस की काय?

तुझा,
काका