वाचकांचे प्रश्न : फलक नव्हता, तरी दंड कसा?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी मला चारचाकीचा परवाना मिळाला. १७ तारखेला पुण्यात पेठेतल्या एका रस्त्यावर, इतर गाड्या उभ्या होत्या त्याच रांगेत, मीही गाडी लावली. 'नो पार्किंग'चा फलक तिथे नव्हता. थोडे पुढे 'पी २' एवढेच लिहिलेले होते. इंजिन चालू ठेवून आईला चालकाच्या आसनावर बसवले आणि दहा मिनिटांत औषधे घेऊन परतलो. तरीही ५०० रुपयांचे ई-चलन आले. माझे काय चुकले?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपले चलन बहुधा त्या 'पी २' फलकामुळेच आले असावे. पुण्यात 'पी १' असलेल्या बाजूला विषम तारखेला आणि 'पी २' असलेल्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची असते. १७ ही विषम तारीख असल्यामुळे त्या दिवशी आपली जागा समोरच्या बाजूला होती. रांगेत आधीच गाड्या होत्या, यावरून ती जागा अधिकृत ठरत नाही. नवा चालक इथेच हमखास फसतो.

दहा मिनिटांचा मुद्दाही आपल्या बाजूने उभा राहत नाही. वाहन चालवण्याविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांनुसार गाडी तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ थांबवली, की ते पार्किंगच होते. आईंना परवाना नसेल, तर इंजिन चालू ठेवून त्यांना तिथे बसवणे ही स्वतंत्र चूक आहे, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे चालकाच्या आसनावर परवानाधारक नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावूनच गाडी उभी करावी लागते. गाडी चुकून गियरमध्ये पडली तर काय होईल, याचा विचार केला म्हणजे या कलमाचे महत्त्व पटते.

मात्र याहून मोठा गैरसमज 'फलक नाही म्हणजे परवानगी आहे' हा आहे. त्याच विनियमांप्रमाणे पदपथ, सायकल मार्ग, पादचारी पट्टे, बसथांबा, रुग्णालयाचे वा शाळेचे प्रवेशद्वार, तसेच चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंतचा रस्ता, म्हणजे साधारण बारा गाड्यांची लांबी, येथे फलक असो वा नसो, गाडी लावता येत नाही. आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी गाडी लावणेही निषिद्ध आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मागे घेऊन गाडी बसवायला शिकवतात, पण ती कुठे बसवू नये हे क्वचितच सांगतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पदपथावरच्या एका गाडीमुळे काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना भर रहदारीत उतरावे लागते.

फलकांपैकी दोन नीट ओळखायला शिका. निळ्या वर्तुळावर एकच तिरपी लाल रेघ असेल, तर गाडी लावण्यास मनाई आहे. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील, तर थांबण्यासही. दुकानदाराने टायरवर रंगवलेली पाटी अधिकृत नसते, पण त्याच्या दारासमोरची वाट अडवण्याची मुभाही त्यामुळे मिळत नाही.

चलनाचा तपशील राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर पाहता येतो. त्यातली तारीख किंवा जागा चुकलेली आढळली, तर तिथेच तक्रार नोंदवावी. तपशील बरोबर असेल, तर दंड भरून टाकावा. अशीच चूक पुन्हा झाल्यास महाराष्ट्रात तो १,५०० रुपये होतो.