गाडीचा ऑइल फिल्टर घेताना नुसती बारीक जाळी बघू नकोस
‘जितका बारीक गाळेल तितका फिल्टर भारी’ हे डोक्यातून काढ, मित्रा. आतला गाळणारा कागद फार दाट असला की इंजिन ऑइल अडतं. म्हणून तर त्याला घड्या घालतात. क्षेत्रफळ वाढतं, बारीक गाळूनही ऑइल वाहतं. तरी तुंबलाच, तर दाबाने बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर टाळून ऑइलला वाट देणारी झडप) उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे. कोरड्यापेक्षा मळकं बरं, एवढंच!

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र चालूच असतं. फिल्टर बदलायला मी किलोमीटरच मोजत बसलो; जुना फिल्टर कापला तर घड्यांत काळा चिखल. तू महिनेही मोज. नवा बसवताना जुनी रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिलीय का ते बघ, नव्या रिंगवर ऑइलचं बोट फिरव आणि हातानेच आवळ.