घरच्या आइस्क्रीम मशीनमध्ये सुकामेवा, चॉकलेटचे तुकडे नेमके कधी घालायचे? कंप्रेसरवालं, म्हणजे स्वतःच थंडी तयार करणारं मशीन घेतलं तर फरक पडेल का?

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. त्याआधी अजिबात नाही. एवढं ठासून सांगतेय, कारण यावरून आमच्या घरात अजून वाद चालतो.

आमच्या भाऊजींचं म्हणणं, "वहिनी, मशीन कालवण्यासाठीच असतं ना? सगळं एकदम टाका आणि मोकळ्या व्हा." पुतण्याच्या वाढदिवसाला मी पाहुण्यांमध्ये अडकले होते, तेवढ्यात भाऊजींनी मिश्रण ओतलं आणि लगोलग वाटीभर बदाम नि चॉकलेटचे ओबडधोबड ठोकळे. मिश्रण पातळ, त्यामुळे सगळं तळाला. काठाला थर धरायला लागला तसा एक ठोकळा पातं आणि भांड्याच्या मध्ये रुतला. पातं अडलं, मोटर कटकट करायला लागली. पातं थर खरवडत राहिलं तरच थंडी आत पोचते; ते थांबल्यावर भिंतीला बर्फ चिकटला आणि मधलं दूध तसंच. पोरांनी ते पेल्यातून प्यायलं. भाऊजींचा निकाल तयारच होता: "मशीन फालतू आहे, कंप्रेसरवालं घ्या."

मशीनचा काय दोष? फ्रीझरमध्ये गोठवून वापरायच्या भांड्यात थंडी मोजकीच असते, वीस-तीस मिनिटांत ती संपते. त्यात गरम काही घालून ती उधळायची नाही. मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि घालायच्या वस्तूही गारच हव्यात. रिकामं भांडं हलवल्यावर त्याच्या भिंतीतला द्रव डुचमळल्याचा आवाज आला तर ते गोठलेलं नाही, त्या दिवशी बेत रद्द.

चॉकलेटचे सुटे तुकडे मला मुळीच आवडत नाहीत. गारठले की मेणासारखे लागतात, चव कळेपर्यंत गिळून होतात. त्यापेक्षा चॉकलेट चमचाभर तेलात वितळवा, थोडं निवू द्या आणि मशीन चालू असताना शेवटच्या मिनिटाला बारीक धारेने सोडा. ते लगेच घट्ट होतं आणि पातंच त्याचे पापुद्रे करतं. इटलीत बेर्गामोच्या एन्रिको पानात्तोनी यांचं १९६१ सालचं स्त्राचातेल्ला आइस्क्रीम असंच जन्मलं. हे भाऊजींना ऐकवलं, तर म्हणाले, "इटलीतली मशीनं वेगळी असतील."

सुकामेवा भाजून, पूर्ण निववून घाला, नाहीतर मऊ पडतो. ताज्या फळांच्या फोडींचा बर्फ होतो, त्या आधी साखरेत शिजवून आटवा. सॉस मशीनमध्ये घालूच नका, डब्यात भरताना थरांमध्ये सोडा.

भांडं काठोकाठ भरू नये, हे राहिलंच. हवा मिसळून मिश्रण फुगतं, शिवाय तुकड्यांना जागा लागते. आणि मोठेच तुकडे हवे असतील तर मशीन बंद करून डब्यात हाताने कालवा, त्यात कमीपणा नाही.

कंप्रेसरचं म्हणाल तर भांडं आदल्या दिवशी गोठवावं लागत नाही आणि एकामागून एक घाणे काढता येतात. रोज पाहुणे असतील तर जरूर घ्या. पण ठोकळा तिथेही पात्यात रुतेल. भाऊजींनी स्वतः ते घेतलंय, आणि अजून आम्हाला आइस्क्रीम खायला बोलावलेलं नाही.