हातात नेमका बसतो, एवढ्यावरून दगड हत्यार ठरत नाही

नदीच्या पात्रात तुम्हाला एक टोकदार, मुठीत अगदी नेमका बसणारा दगड सापडला आहे आणि तो अश्मयुगीन हत्यार आहे की साधाच दगड, हे कसं ओळखायचं असं तुम्ही विचारलंय.

‘हातात बसतो’ ही खूण आधी बाजूला ठेवा. मुठीएवढा कुठलाही दगड फिरवत राहिलात तर कुठल्या तरी बाजूने हातात बसतोच. टोकाचंही तेच. ऊन, पाणी, घसरणाऱ्या दरडी यांनी टोकदार केलेले दगड अमाप असतात. आकाराकडे नंतर वळायचं, आधी घाव शोधायचे.

मला हे खरं कळलं ते स्वतः दगड फोडल्यावर. शिकत असताना सरांनी एका हातात गुळगुळीत गोटा दिला, दुसऱ्या हातात चर्ट या कठीण, बारीक पोताच्या दगडाचा तुकडा, आणि म्हणाले, ‘काढ छिलका.’ मी मधोमध घाव घालत होतो, नुसता चुरा उडत होता. मग कडेच्या जरा आत तिरका घाव बसला. आवाजच वेगळा आला, आणि खाली धरलेल्या बोटांवर एक पातळ छिलका पडला. वर, घाव बसला तिथे, छोटासा सपाट भाग. त्याच्या लगेच खाली अंगठ्याला जाणवणारा फुगवटा. तिथून पुढे पसरत गेलेल्या बारीक लहरी, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. आणि मूळ दगडावर त्याच मापाचा खळगा. चर्ट, अकीक, ऑब्सिडियन (ज्वालामुखीची नैसर्गिक काच) अशा बारीक पोताच्या दगडांत या खुणा स्वच्छ दिसतात. बेसॉल्ट किंवा भरड क्वार्टझाइटमध्ये त्या पुसट असतात, म्हणून तिथे लहर दिसली नाही तरी लगेच निकाल देऊ नका.

पण असा एखादा खळगा पुरावा होत नाही. धबधब्याखाली, पुरात, दगडावर दगड आदळूनही छिलके उडतात. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘इओलिथ’ नावाच्या ओबडधोबड दगडांवरून मोठा वाद चालला होता. मानवाची अतिप्राचीन हत्यारं म्हणून ती मांडली जात होती. १९०५ मध्ये फ्रेंच पुराजीवशास्त्रज्ञ मार्सेलँ बूल यांनी दाखवून दिलं की फ्रान्समधल्या एका सिमेंट कारखान्यात खडूचा चुनखडक पाण्यात घुसळताना त्यातल्या फ्लिंटच्या (चर्टचाच एक प्रकार) गाठी एकमेकींवर आपटतात आणि अगदी तसलेच ‘इओलिथ’ तयार होतात. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. मनात हत्यार बघायची इच्छा असली की दगड ते दाखवतो.

म्हणून खळग्यांचा क्रम बघायचा. माणूस एका कडेवर, एका दिशेने, एकाला लागून एक घाव घालतो; पुढचा खळगा मागच्याचा थोडा भाग खातो. हातकुऱ्हाडीत दगड उलटून दुसऱ्या बाजूनेही तसेच घाव घातलेले असतात, त्यामुळे दोन्हीकडचे खळगे एका कडेवर येऊन भिडतात. निसर्गाचे घाव वाटेल तिथे, वाटेल त्या दिशेने पडतात. कोनही तपासा: घडवलेल्या कडेचा कोन बहुतेक ठिकाणी ९० अंशांहून कमी असतो, कारण बोथट कोनातून छिलका नीट निघतच नाही. बार्न्स या संशोधकाने १९३९ मध्ये याच कोनांच्या मोजणीवर कसोटी बसवली होती. वाटीसारखा गोल खड्डा असेल आणि घावाची जागा कुठेच सापडत नसेल, तर तो बहुधा उष्णतेने किंवा हिमाने उडालेला पापुद्रा. खळग्यांचा रंग बाकीच्या जुनाट पृष्ठभागापेक्षा ताजा असेल तर नांगराचा किंवा चाकाचा संशय घ्या.

इतकं करूनही एकट्या दगडावर शेवटचा निर्णय देणं अवघडच. केनियातल्या लोमेक्वी इथली सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं दिसायला चांगलीच ओबडधोबड आहेत. उलट ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटतात तेव्हा धारदार छिलके निघतात, तेही माणसाने काढल्यासारखे. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ती माकडं ते छिलके वापरताना मात्र दिसली नाहीत. तेव्हा दगड कुठे होता हेच बऱ्याचदा निर्णायक ठरतं: आजूबाजूला तशाच घडणीचे आणखी छिलके आहेत का, ज्यातून ते काढले तो गाभा आहे का, तो दगड त्या परिसरात मुळात मिळतो का, आणि तो न हललेल्या थरात होता की पुराने आणून टाकलेला.

याचसाठी कळकळीने सांगतो, असा दगड दिसला तर उचलू नका. जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो काढा, ठिकाणाची नोंद करा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला कळवा. तुमचा दगड आधीच घरी आला असेल तर तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने साफ करू नका. सापडल्याची जागा आठवते तितकी आजच लिहून ठेवा. मग तो खिडकीशी तिरक्या उजेडात धरा, सावकाश फिरवा आणि धारेच्या एका कडेवर एकमेकांना लागून किती खळगे आहेत ते मोजा. तीन-चार सलग, एकाच दिशेचे निघाले तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे जवळून फोटो इथे टाका, मी नक्की बघतो.